‘वर’ म्हणजे कोठे?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. काही कामानिमित्त आमचे पेडणे तालुक्यातील एका खेड्यात जाणे झाले. ज्या घरी उतरलो होतो त्या घरच्या आजींना रक्तदाबाच्या गोळ्या आणावयाच्या होत्या. सोबतीला म्हणून आम्हीही त्यांच्याबरोबर सरकारी आरोग्यकेंद्रात गेलो. डॉक्टरांनी तपासले, चिठ्ठी लिहिली, आपुलकीचे दोन शब्द बोलले. औषधांच्या खिडकीतून मात्र आजींची चिठ्ठी जशीच्या तशी परत आली. खिडकीतला तरुण नम्र होता. तो म्हणाला, “आजी, ही गोळी अजून वरून आली नाही. पंधरा दिवसांनी पाहा, नाहीतर बाहेरून घ्या.” आजी क्षणभर थांबल्या आणि त्यांनी विचारले, “वयर म्हणजे खंय रे पुता?”

तरुण हसला. आम्हालाही हसू आले. पण परतीच्या वाटेवर ते हसू टिकले नाही. आजींनी बाहेरून गोळ्या घेतल्या नाहीत. घरी थोड्या शिल्लक आहेत, त्या एक दिवसाआड घेऊन भागवीन, असे त्या म्हणाल्या. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेण्याचे फळ काय असू शकते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले एखादे तरी माणूस आपल्यापैकी बहुतेकांच्या नात्यात आहे. त्या संध्याकाळी घरच्या मंडळींनी समजूत घालून गोळ्या विकत आणल्या, हे खरे. परंतु प्रत्येक घरात समजूत घालणारे माणूस असतेच असे नाही, आणि महिन्याच्या अखेरीस प्रत्येक घरात पैसेही असतातच असे नाही.

आजींचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. ‘वर’ म्हणजे नेमके कोठे? सरकारी इस्पितळातील गोळी येते कोठून, ती कोणाकडून घ्यावयाची हे ठरवितो कोण, आणि ठरवितो कसे? या महिन्याचे पान आम्ही त्या प्रश्नाला वाहिले आहे.

आमचे डिचोलीचे एक निवृत्त स्नेही आहेत. त्यांची उमेद सरकारी भांडारात गेली. त्यांना आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हे सारे पुरुमेंत आहे. घरचे पुरुमेंत ज्याला समजते त्याला हेही समजेल.”

गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयाचे तर, पावसाळ्यापूर्वी घरात जी बेगमी करावयाची तिला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. मिरच्या, कोकमे, चिंच, कांदे, सुकी मासळी असे सारे मे महिन्यात भरून ठेवावयाचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकटी बाई दोन किलो मिरची मागते, तेव्हा विक्रेता आपला भाव सांगून मोकळा होतो. वाड्यावरची पाच घरे मिळून एक पोते मागतात, तेव्हा तोच विक्रेता उठून उभा राहतो. पाच घरांपैकी कोणालाही एकट्याने मिळाला नसता असा भाव पाचांना मिळतो. रुग्णालयांच्या सामूहिक खरेदीचे मूळ तत्त्व एवढेच आहे.

पण पुरुमेंतात आणखी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, असे आमच्या स्नेह्यांनी लगेच पुढे सांगितले. वर्षाला किती लागेल याचा अंदाज बरोबर असावयास हवा. स्वस्त मिरची तळाशी ओली निघता कामा नये. आणि विक्रेत्याचे पैसे वेळेवर पोहोचावयास हवेत, नाहीतर पुढल्या वर्षी तो आपले पोते दुसऱ्याला देतो. सरकारी खरेदीचे यशापयशही या तीन गोष्टींवरच ठरते.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. कासारवर्णे, मये, साखळी, वाळपई यांसारखी आरोग्यकेंद्रे आपली वर्षाची मागणी कळवितात. तिची बेरीज पणजीस कांपाल येथील आरोग्य संचालनालयात व्हावयाची असते. कोणती औषधे घ्यावयाची यालाही आधार असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ साली झाली, आणि तिच्या २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधे आहेत. यादीत औषध त्याच्या मूळ नावाने असते, कंपनीने दिलेल्या नावाने नव्हे. आजींच्या गोळीच्या वेष्टनावर कोणतेही नाव असले तरी सरकारच्या कागदावर ती ‘अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम’ एवढीच असते. त्यामुळेच एका गोळीसाठी अनेक कारखाने एकमेकांशी स्पर्धा करू शकतात.

मग निविदा मागविली जाते. पूर्वी ती वर्तमानपत्रात छापून येई आणि लाखबंद पाकिटे पेटीत पडत. आता ती संगणकावरून भरावयाची असते. पाकिटे मात्र अजूनही दोनच मानतात. पहिले पात्रतेचे. त्यात उत्पादनाचा परवाना, चांगल्या उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र, बाजारातील काही वर्षांचा अनुभव, वार्षिक उलाढाल, कोठेही काळ्या यादीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र आणि बयाणा रक्कम या गोष्टी येतात. दुसरे पाकीट दराचे. पहिल्या पाकिटात जो उतरला नाही त्याचे दुसरे पाकीट उघडावयाचेच नाही, हा नियम. जे उरले त्यांच्यात ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्याशी दरकरार होतो. तो अनामत ठेवतो, आणि ठरल्या दराने ठरल्या मुदतीत माल पुरविण्यास बांधला जातो. उशीर झाला तर दंड. माल आलाच नाही तर सरकार तो दुसरीकडून घेते आणि दरातील फरक त्याच्याकडून वसूल करते. कागदावर पाहिले तर या व्यवस्थेत खोट काढावयास फारशी जागा नाही.

खोट दिसते ती कागद संपतो तेथे. ‘सर्वांत कमी दर’ हे तीन शब्द ऐकावयास न्यायाचे वाटतात, परंतु त्यांच्या अगोदर ‘खात्री झालेल्यांमध्ये’ हा शब्द असावयास हवा. तो गळला म्हणजे काय होते, हे मुंबईने १९८६ साली पाहिले आहे. त्या वर्षाच्या आरंभी जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. औषधी म्हणून आलेल्या त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगापुढे खरेदीतील आणि औषध-तपासणीतील ढिलाईचा पाढाच वाचला गेला. आमच्या पिढीच्या वाचकांना त्या बातम्या आठवत असतील. बरे झालेले रुग्ण पाहता पाहता जातात आणि डॉक्टरांना कारण उमजत नाही, याहून भयंकर दुसरे काय असावे? आणि हे विष १९८६ सालीच संपले असेही नाही. २०२२ साली भारतातून गांबियात गेलेल्या खोकल्याच्या औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेला इशारा द्यावा लागला, तो याच विषामुळे.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. तो आपल्याच देशात सापडला आहे. तामिळनाडू सरकारने १९९४ साली औषधखरेदीसाठी एक स्वतंत्र महामंडळ स्थापन केले, आणि १९९५ च्या आरंभापासून राज्यभरच्या रुग्णालयांची खरेदी त्याच्याकडे आली. या महामंडळाने काही साध्या गोष्टी केल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे बांधली. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक दिले. त्यात त्याच्या वाट्याची रक्कम जमा, आणि नेलेले औषध नावे. आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना उत्पादकाचे नाव झाकून, केवळ सांकेतिक क्रमांक देऊन, प्रयोगशाळेत पाठविला. तेथून उत्तीर्ण झाल्याखेरीज गोळी गोदामाबाहेर पडावयाची नाही. गोळ्यांच्या पट्टीवर सरकारचे चिन्ह छापले, म्हणजे ती बाजारात विकली जाऊ नये. आणि माल कसोटीस उतरला की पुरवठादाराचे पैसे न रखडविता चुकते केले. ज्याला पैसे वेळेवर मिळण्याची खात्री असते तो दर कमी लावतो. ज्याला वर्षभर खेटे घालावे लागणार असतात तो त्या खेट्यांची किंमत दरात आधीच धरतो. पुढे केरळने २००७ साली आणि राजस्थानने २०११ साली हाच मार्ग धरला.

तामिळनाडूची आणखी एक रीत आम्हाला महत्त्वाची वाटते. सर्वांत कमी दर एकाने दिला, तरी त्याच दराने पुरविण्यास तयार असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्यालाही मागणीचा वाटा देता येतो. सारी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, हा शहाणपणा आहे. तो विसरल्याचे फळ श्रीमंत देशांनाही चुकलेले नाही. अमेरिकेत रुग्णालये सरकारी नसली तरी एकत्र खरेदी करतात. न्यूयॉर्कमध्ये असे पहिले मंडळ १९१० साली निघाले, आणि आज तेथे अशी मोठमोठी मंडळे हजारो रुग्णालयांसाठी करार करतात. मंडळांचा खर्च बहुतांशी विक्रेत्यांकडून घेतलेल्या शुल्कातून भागतो, आणि १९८६ साली तेथील कायद्याने त्याला मोकळीकही दिली. ज्याच्याकडून माल घ्यावयाचा त्याच्याच पैशावर खरेदीदाराचा मुनीम पोसावा, हे योग्य की अयोग्य, याचा वाद तेथे आजही चालू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तर कॅरोलायनात वादळाचे पाणी एका कारखान्यात शिरले. देशाला लागणाऱ्या सलाईनपैकी सुमारे ६० टक्के त्या एकट्या कारखान्यात होत होते. त्यानंतर कित्येक रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. साधे मिठाचे पाणी, आणि तेही अमेरिकेत!

विषाची भीती जशी खरी, तशीच उशिराचीही. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांची खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे एकवटली होती. तिच्या विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या. २०२३ साली कायदा होऊन या कामासाठी नवे प्राधिकरण निर्माण करण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतील १२ नवजात बालके होती. औषधांची टंचाई नव्हती, गंभीर रुग्ण दुरून आणि उशिरा आले होते, असे सरकारचे म्हणणे पडले. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. मृत्यूंचे कारण काय हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु एवढे मोठे संकट आले असता ‘औषध होते की नव्हते?’ हा प्रश्न लोकांच्या तोंडी पहिल्या क्षणीच यावा, यावरून लोकांचा विश्वास कोठवर उतरला होता हे कळते. खरेदी एकवटली म्हणजे शक्ती येते, तशी एका जागी अडले की सारे अडण्याची सोयही होते. पाच घरांचे पोते आणावयास गेलेला माणूस वाटेत थांबला, तर पाचही घरांच्या चुली थांबतात.

आता गोव्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेत साऱ्या गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजारांच्या घरात होती. पेडणे तालुक्यात सुमारे पाऊण लाख, डिचोलीत एक लाखाच्या थोडी आत. तामिळनाडूत त्याच वेळी ७ कोटी २१ लाख लोक होते. म्हणजे त्यांच्या पोत्यापुढे आपली पिशवी. मोठ्या कारखानदाराला लहान मागणीची ओढ नसते. निविदेला प्रतिसाद येत नाही, किंवा एखादाच येतो, आणि मग ती पुन्हा काढावी लागते. यात महिने जातात. मधल्या काळात आरोग्यकेंद्राने थोडी स्थानिक खरेदी करावयाची, ती अर्थातच चढ्या भावाने, आणि तीही संपली की “वरून आली नाही” हे उत्तर ठरलेले.

लहान राज्याने आपली पिशवी लहानच ठेवू नये, हा यावरचा मार्ग. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि आरोग्य संचालनालय ही वेगवेगळी खाती आहेत. त्यांच्या समान औषधांच्या मागण्या जितक्या एकत्र येतील तितके दोघांचेही भले. राज्याच्या सीमेपलीकडेही हात जोडता येतात, हे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने दाखविले आहे. देशातील २३ कर्करोग रुग्णालयांनी ४० औषधांची मागणी एकत्र केली आणि एकत्रच सौदा केला. पूर्वीच्या खर्चाच्या मानाने सुमारे ८२ टक्के बचत झाली. औषध तेच होते आणि बाजारही तोच. फरक एवढाच की, मागणारे एका आवाजात बोलले.

येथे तुयेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पेडणे तालुक्यातील याच गावच्या औद्योगिक वसाहतीत ‘गोवा अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स’ ही सरकारी औषधकंपनी आहे. ती १९८० साली स्थापन झाली, आणि २०१४ साली तिचे बहुसंख्य भाग केंद्र सरकारच्या एचएलएल लाइफकेअर या कंपनीकडे गेले. घरच्या कारखान्याला घरची मागणी द्यावी, असे कोणालाही सहज वाटेल. केंद्र सरकारनेही २०१३ साली १०३ औषधे सरकारी कंपन्यांकडूनच घेण्याचे धोरण आखले होते. त्यात दर सरकारनेच ठरवून द्यावयाचा होता. याच्या दोन्ही बाजू आहेत. कारखाना चालतो, कामगारांच्या चुली पेटतात, अडीअडचणीला माल जवळ असतो, ही एक बाजू. स्पर्धा नसली म्हणजे दराला आणि आळसाला लगाम राहात नाही, ही दुसरी. आमचे मत विचाराल तर, घरचा म्हणून एक वाटा जरूर द्यावा, परंतु प्रयोगशाळेच्या कसोटीतून आणि वेळेच्या अटीतून घरच्यालाही सूट नसावी. लेकीला माहेरपण असते, पण तिच्या हातचे बिघडलेले अन्न कोणी आजाऱ्याच्या पानात वाढीत नाही.

‘गोव्यासारख्या सुखवस्तू प्रदेशात चार गोळ्यांचे काय एवढे?’ असे कोणी म्हणेल. त्याने डिचोलीतील खाणींवर पोट असलेल्या घरांना विचारावे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा ज्यांचे ट्रक अंगणात उभे राहिले त्या घरांत महिन्याच्या औषधांना कात्री सर्वांत आधी लागली. पोरांची फी थांबविता येत नाही, बँकेचा हप्ता थांबविता येत नाही. म्हाताऱ्या माणसाची गोळी तेवढी मुकाट्याने थांबते. ती थांबली याची नोंद कोठेच होत नाही. सरकारी खिडकीतील फुकट गोळीचे मोल तेथे कळते.

मग आपण काय करावयाचे? पुष्कळ करता येईल. खिडकीतून “नाही” असे उत्तर आले, तर त्या तरुणावर रागावू नये, त्याच्या हाती काही नसते. परंतु औषधाचे नाव आणि तारीख लिहून आरोग्यकेंद्राच्या प्रमुखांकडे दोन ओळींचा अर्ज अवश्य द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पुढच्या वर्षाचा अंदाज कागदावरच्या मागणीवरून बांधला जातो. जो माणूस मुकाट्याने परत गेला त्याची गोळी त्या अंदाजात येतच नाही, आणि मग पुढच्या वर्षीही ती कमीच पडते. पंचायतीचे सदस्य, महिला मंडळ, देवस्थानची समिती यांनी आपल्या गावच्या केंद्रात कोणती औषधे किती दिवस नव्हती हे विचारावे. गोव्याने माहितीच्या हक्काचा स्वतःचा कायदा १९९७ सालीच केला होता, देशाचा कायदा त्यानंतर २००५ साली आला. निविदा केव्हा निघाली, किती जणांनी भरली, दर काय ठरला, माल केव्हा आला, तपासणीचा निकाल काय लागला आणि पुरवठादाराचे पैसे केव्हा दिले, हे सहा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला आहे. सहावा प्रश्न विसरू नये. पुष्कळदा गाडे तेथेच रुतलेले असते.

सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. दरकरार झाला, एवढ्या कोटींची बचत झाली, असे जाहीर होते तेव्हा आम्हाला आनंदच वाटतो. परंतु खरेदी त्या दिवशी पुरी झाली असे समजू नये. गोळी तपासून, मुदतीत, रुग्णाच्या तळहातावर पडली म्हणजे खरेदी पुरी झाली. तोवर सर्वांत कमी दर हे केवळ एक वचन आहे, आणि पाळले न गेलेले स्वस्त वचन गरिबाला फार महाग पडते.

आमच्या त्या आजी बऱ्या आहेत. पुढच्या खेपेला त्यांना खिडकीतून गोळ्या मिळाल्या, असे त्यांच्या नातवाने कळविले आहे. ‘वर’ म्हणजे कोठे, याचे उत्तर आम्ही त्यांच्यासाठी येथे लिहिण्याचा यत्न केला. नातू त्यांना हे वाचून दाखवील. उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही, तर त्या पुन्हा विचारतील अशी आमची खात्री आहे, आणि तसे त्यांनी विचारावेच.